चेंजओव्हरचं हँडल काढलं, मग गीझर कोण बंद करणार?

(दापोली परिसरातल्या बंगलेमालकांसमोर एका इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

टेबलावर तीन वस्तू मांडून ठेवल्यात. हा पहिला जुना चेंजओव्हर, म्हणजे घराचा पुरवठा महावितरणवरून जनरेटरवर बदलणारा स्विच: लोखंडी डबा, आत तांब्याची पाती, बाहेर हँडल. वर केलं की महावितरण, खाली केलं की जनरेटर, मधे शून्य. दुसरी वस्तू म्हणजे हे जोडीने बसवलेले दोन कॉन्टॅक्टर, म्हणजे हाताऐवजी विजेवर चालू-बंद होणारे स्विच. आणि तिसरी, ही काळी पडलेली पट्टी. तिचं काय ते मागाहून सांगतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा आपल्या दापोली-मंडणगडकडे खांब काडेपेटीतल्या काड्यांसारखे आडवे झाले होते. कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. त्यानंतर मिळेल तिथून जनरेटर आले. तोवर ‘इन्व्हर्टर आहे की’ म्हणणारी माणसंही मला फोन करू लागली. आणि तेव्हा मी एका घरी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. जनरेटर अंगणात, त्यातून निघालेली वायर, तिच्या दोन्ही टोकांना पिन असलेले प्लग. एक टोक जनरेटरच्या सॉकेटात, दुसरं स्वयंपाकघरातल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटात. घरभर दिवे लागलेले, मंडळी खूश. मेन स्विच पाडलाय का म्हणून विचारलं, तर यजमान म्हणाले, ‘तो कशाला पाडायचा? लाइट आली की कळायला नको?’

आता या घरातला करंट कुठे कुठे जातो बघा. मीटरमधून उलटा बाहेर, सर्व्हिस वायरने खांबावर, तिथून डीपीवर. डीपीतला ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे ४३३ करतो एवढं आपल्याला माहीत असतं. पण त्याला दिशा कळत नाही. खालून २३० दिले की वर तो दहा हजारांच्या आसपास काढतो. एरवी शेजारपाजारचा लोड अंगावर येऊन जनरेटर लगेच बंद पडेल. पण वादळात तार जवळच तुटलेली असली तर लोड असा उरतच नाही, जनरेटर मजेत चालतो आणि लाइन जिवंत राहते. आणि ती तार जोडायला त्याच दिवशी कुणीतरी खांबावर चढलेला असतो. लाइनमन याला रिटर्न सप्लाय म्हणतात. लाइन अर्थ केल्याशिवाय, म्हणजे जमिनीला जोडल्याशिवाय ते हात लावत नाहीत, त्याचं एक मोठं कारण तुमच्या-आमच्या घरातले हे असे प्लग.

चेंजओव्हर आहे तो खांबावरच्या या माणसासाठी. तुमची सोय नंतर. दोन्ही पुरवठे एका वेळी जोडले जाणं अशक्य करायचं, एवढंच त्याचं काम. या जुन्या डब्यात एकच दांडा आहे, तो एका वेळी दोन ठिकाणी कसा असेल? या दोन कॉन्टॅक्टरमध्ये तेच काम त्यांच्या मधोमध बसवलेली ही छोटी पट्टी करते. बघा, एक आत दाबला की दुसरा अंगठ्याने कितीही रेटा, बसत नाही. याला मेकॅनिकल इंटरलॉक म्हणायचं. शिवाय वायरिंगमधूनही एकमेकांची कॉइल, म्हणजे कॉन्टॅक्टर आत ओढणारं वेटोळं, अडवलेली असते. एखादा स्वस्त पॅनेलवाला म्हणाला की ‘वायरिंगमध्ये केलंय साहेब, पट्टी नको’, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

इथपर्यंत सगळं सोपं. गंमत पुढे आहे. हँडल होतं तेव्हा ते मारणारा कोणीतरी होता. आमच्या घरी वडील होते. लाइट गेली की ते टॉर्च घेऊन मागच्या पडवीत जायचे आणि तिथूनच ओरडायचे, ‘गीझर बंद केला का गं? पंप कुणी चालू ठेवलाय?’ आई आतून ‘हो’ म्हणाली की मग जनरेटरची दोरी ओढायची, तो जरा सुरात येऊ द्यायचा, आणि मग हँडल. या दोन-चार मिनिटांत वडील किती कामं करत होते ते मला पॅनेल बांधायला लागल्यावर कळलं. ऑटोमॅटिक पॅनेल, म्हणजे हँडलचं काम स्वतःच करणारं, घेतलं म्हणजे तुम्ही वडिलांना पडवीतून उठवलंत. मग त्यांना जे ठाऊक होतं ते सगळं पॅनेलमध्ये उतरवायला नको? बहुतेक ठिकाणी ते उतरवलेलंच नसतं. पॅनेल येतं, जनरेटर येतो, आणि पहिल्याच रात्री सगळं घर एकदम त्याच्या अंगावर पडतं.

आकडे घेऊ. साडेसात केव्हीएचा सिंगल फेज सेट म्हणजे साधारण सहा किलोवॅट, ३२ अँपिअर. दिवे, पंखे, फ्रिज, टीव्ही मिळून एक किलोवॅट धरा. दीड टनाचे दोन एसी, चालू असताना प्रत्येकी दीड-पावणेदोन. दीड एचपीचा पंप तेवढाच. गीझर तीन. बेरीज नऊच्या घरात गेली. पण बेरीज हा खरा त्रास नाहीच. पंप चालताना आठ-नऊ अँपिअर घेतो, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट ओढतो, म्हणजे पंचेचाळीस-पन्नास. इंजिन खोकतं, व्होल्टेज बसतं, दिवे पिवळे होतात, आणि नेमका त्याच वेळी एसीचा कॉम्प्रेसरही उठायचा प्रयत्न करत असतो. जुना एसी बंद पडल्यावर गॅसचा दाब समान व्हायला तीनेक मिनिटं लागतात. त्याआधी सप्लाय आला तर कॉम्प्रेसर नुसता घुरघुरतो, फिरत नाही आणि करंट मात्र पूर्ण ओढतो. तुमच्या स्टॅबिलायझरमध्ये तीन मिनिटांचा टाइम डिले असतो तो याचसाठी. ऑटो पॅनेल दहा-पंधरा सेकंदांत सप्लाय देतं, याचं आपल्याला कौतुक. कॉम्प्रेसरला त्याचं काय कौतुक?

म्हणून पॅनेल विकत घेताना ‘किती सेकंदांत येतं’ हे शेवटी विचारा. आधी विचारा की कोण कुणाच्या मागून येतं. लाइट गेल्यावर तीन ते पाच सेकंद काहीच करायचं नाही, कारण आपल्याकडे माडाची झावळी तारेला लागली तरी फीडर, म्हणजे आपल्या भागाची मुख्य लाइन, ट्रिप होऊन परत येतो. मग स्टार्ट, जमलं नाही तर थांबून पुन्हा, असे तीन प्रयत्न. व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी जागेवर आली की फक्त दिवे, पंखे आणि फ्रिज. पाचेक मिनिटांनी एक एसी. पंपाला आणि गीझरला प्रत्येकी एक कॉन्टॅक्टर, दोघांत इंटरलॉक, म्हणजे एक चालू असेल तर दुसरा येणारच नाही. दुसरा एसी जनरेटरवर नकोच. हे ऐकून घरात भांडण होतं, पण ते भांडण मी लोडची यादी घेतानाच घडवून आणतो. नंतर रात्री दोन वाजता मला फोन येण्यापेक्षा ते बरं.

याच्या पुढची पायरी म्हणजे पॅनेलने स्वतः लोड बघून ठरवणं. करंट मोजणारी सीटी लावा, ठरावीक अँपिअरच्या वर गेलं की सगळ्यात कमी महत्त्वाचा लोड आधी सुटेल. किंवा फ्रिक्वेन्सी बघा. इंजिनावर ताण आला की ते मंद होतं, पन्नासचे अठ्ठेचाळीस हर्ट्झ झाले की समजायचं, गडी दमला. मला स्वतःला ही दुसरी पद्धत जास्त आवडते. मीटर काहीही दाखवो, इंजिन खोटं बोलत नाही. अमेरिकेत घरगुती जनरेटरला ऑटो ट्रान्सफर लावायचा तर, एक तर त्याने सगळा लोड पेलला पाहिजे, नाहीतर लोड आपोआप कमी करणारी व्यवस्था हवी, अशी अट त्यांच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये २००८ पासून आहे. आपल्याकडे हे ज्याच्या-त्याच्या वायरमनच्या अकलेवर सोडलेलं आहे.

कोणीतरी विचारलं, मग सरळ पंधरा केव्हीएचा घ्यावा, कटकट नको. घ्या. पण रात्रभर त्यावर चार पंखे आणि एक फ्रिज चालवलात तर डिझेल इंजिन नीट तापत नाही, इंधन अर्धवट जळतं, धुराड्यातून काळं तेल गळायला लागतं. तीस टक्क्यांच्या खाली सतत चालवलेलं इंजिन लवकर म्हातारं होतं. मोठा जनरेटर हा लोड मॅनेजमेंटचा पर्याय नाही.

आता ही काळी पट्टी. ही एका बंगल्याच्या पॅनेलमधली न्यूट्रल लिंक आहे, करंट परत नेणाऱ्या न्यूट्रल वायरी जिथे जोडतात ती पट्टी. हात लावून बघा, पितळ असं खरबरीत होतं ते वितळून परत गोठल्यावर. घराला कनेक्शन थ्री फेज, जनरेटर सिंगल फेज. वायरमनने काय केलं? चेंजओव्हरच्या जनरेटरकडच्या बाजूला आर, वाय, बी या तिन्ही फेजना लूप मारला आणि एकच फेज तिघांना दिली. सगळं घर चालू झालं, तो पैसे घेऊन गेला. पण महावितरणच्या तीन फेजवर न्यूट्रलमधले करंट एकमेकांना काटतात, म्हणून न्यूट्रलवर भार कमी येतो. एकाच फेजवर तिन्ही चालवले की काटाकाटी संपली, बेरीज सुरू. प्रत्येक फेजवर पंधरा असतील तर न्यूट्रलमधून पंचेचाळीस. इथे मोठा सेट होता, न्यूट्रलची वायर चार चौरस मिलिमीटरची आणि स्क्रू ढिला. एमसीबी पडला नाही, कारण न्यूट्रलवर एमसीबी नव्हताच. आणि न्यूट्रल सुटल्यावर जनरेटर बंद होऊन महावितरण परत आलं, तेव्हा तीन फेज आणि न्यूट्रल गायब! एका फेजवर टीव्ही आणि राउटर, दुसऱ्यावर एसी. दोन फेजमधले चारशे व्होल्ट त्यांनी आपसांत वाटून घेतले, आणि ज्याचा भार हलका त्याच्या वाट्याला जास्त आले. टीव्ही गेला, राउटर गेला, फ्रिजचा बोर्ड गेला. घरमालक शेवटपर्यंत म्हणत होते, ‘जनरेटरमध्ये दोष आहे.’ जनरेटर बिचारा शेडमध्ये ठणठणीत होता.

म्हणून थ्री फेज घरात सिंगल फेज सेट असेल तर जनरेटरवर चालणारे लोड वेगळ्या डीबीवर, म्हणजे एमसीबींच्या वेगळ्या डब्यावर काढायचे, आणि त्या डीबीची न्यूट्रलही चेंजओव्हरमधूनच बदलायची. न्यूट्रलसकट बदलणारा चेंजओव्हर थोडा महाग पडतो. पण त्याने आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पडणारा स्विच, विनाकारण पडण्याचा त्रासही जातो. आणि थ्री फेज सेट घेतलात तर फेजचा क्रम एकदा तपासा. क्रम उलटा असेल तर बोअरवेलचा पंप उलटा फिरतो, आवाज येतो, पाणी मात्र वर येताना रडतं. आठ दिवस लोक बोअर आटलं म्हणून हळहळतात.

सोलरवाले किती आहेत इथे? हात वर करा. बरेच आहेत. २०२४ ला पीएम सूर्यघर योजना आल्यापासून छपरं निळी व्हायला लागलीत. तुमचा ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेला इन्व्हर्टर लाइट गेली की आपोआप बंद होतो, तोही त्या खांबावरच्या माणसासाठीच. पण तो चेंजओव्हरच्या पुढे, म्हणजे घराच्या बाजूला जोडलेला असला, तर जनरेटर सुरू झाल्यावर त्याला वाटतं लाइट आली. तो जनरेटरशी जुळवून घेतो आणि दुपारी घरात लोड कमी असेल तर उरलेली वीज जनरेटरमध्येच ढकलू लागतो. इंजिनाला उलटं ढकलण्यासारखंच ते. सोलर चेंजओव्हरच्या महावितरणकडच्या बाजूला घ्या.

दोन गोष्टी पटकन. लाइट परत आली म्हणजे लगेच बदलायचं नाही. दुरुस्तीनंतर ती दोन-तीनदा येते-जाते, कधी एक फेज नसतेच. पॅनेलने तिन्ही फेज आणि जास्त व्होल्टेज दोन्ही बघून दोनेक मिनिटं थांबलं पाहिजे, आणि बदलल्यावर इंजिन तीनेक मिनिटं रिकामं चालून निवायला हवं. दुसरं म्हणजे, धूर. पडवीला लागून, खिडकीखाली, पावसाला आडोसा म्हणून गोठ्यात, असा जनरेटर ठेवू नका. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पॅनेल आणि बॅटरी पाण्याच्या वर असू द्या.

आणि एका रविवारी सकाळी, गीझर, एसी, पंप सगळं चालू असताना मेन पाडा. हातात घड्याळ घेऊन पॅनेलसमोर उभे राहा आणि कोण कुणाच्या मागून येतं ते लिहून काढा. पंप आणि गीझर एकत्र आले तर ज्याने पॅनेल बसवलं त्याला तिथूनच फोन लावा, आवाजासकट.

ही लिंक हातोहात फिरवा, सगळ्यांना दिसू दे. मात्र शेवटी टेबलावर परत आणून ठेवा. पुढच्या शनिवारी मला ती गुहागरला दाखवायची आहे.