दंडात सुई, ओठांत सिगारेट

मित्रहो, एका फोटोपासून सुरुवात करतो. २८ ऑक्टोबर १९५६, न्यूयॉर्कमधला टीव्ही स्टुडिओ. एड सुलिव्हनच्या कार्यक्रमाआधी पोरांचा लाडका गायक एल्विस प्रेस्ली बाही वर करून उभा आहे, शेजारी शहराच्या आरोग्य खात्याचे डॉक्टर, आणि एल्विसच्या दंडात पोलिओच्या लशीची सुई. ही साल्क लस येऊन दीड वर्ष झालं होतं. लहान मुलांना आईबाप घेऊन जात होते, पण वयात आलेली पोरं तिकडे फिरकत नव्हती. हा तान्ह्या बाळांचा आजार, आपला काय संबंध, अशी त्यांची समजूत.

ही गोष्ट हल्ली फार सोपी करून सांगितली जाते. एल्विसनं सुई घेतली आणि सगळा देश रांगेत उभा राहिला म्हणे. तसं झालं नाही. फोटोमुळे विषय पोरांच्या तोंडी आला, हे खरं. पण पोलिओसाठी झटणाऱ्या संस्थेनं त्यानंतर किशोरवयीन मुलांनाच हाताशी धरलं. त्यांनी आपापल्या भागात गट काढले, घरोघरी जाऊन सांगितलं, नाचाचे कार्यक्रम ठेवले. आणि लस घेतल्याचं दाखवल्याशिवाय आत सोडायचं नाही, अशी अट घातली. मला ही अट त्या फोटोपेक्षाही मोलाची वाटते. प्रसिद्ध माणूस लक्ष वेधून देतो. पुढचं काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं, आणि ते आधी ठरवून ठेवावं लागतं.

लक्ष वेधण्याची ही ताकद जाहिरातवाल्यांनी फार लवकर ओळखली. १९३० च्या दशकात लकी स्ट्राइक सिगारेटच्या कंपनीनं हॉलिवूडच्या नटनट्यांना पैसे मोजले. क्लार्क गेबल, गॅरी कूपर, जोन क्रॉफर्ड अशी बडी नावं. सांगणं काय, तर ही सिगारेट घशाला सौम्य आहे. यातली खुबी नीट पाहा. बोलपट नुकते रुळले होते आणि नटाचं पोट आवाजावर होतं. ज्याचा गळा हेच भांडवल, तो ही सिगारेट ओढतो म्हटल्यावर अपाय नसणार, हा निष्कर्ष वाचणारा स्वतःच काढतो. कंपनीला काहीही सिद्ध करावं लागत नाही. लोकांचा त्या गळ्यावरचा विश्वास तिनं भाड्यानं घेतलेला असतो.

आता याच्या शेजारी हॉलिवूडचे नट यूल ब्रिनर ठेवा. फुप्फुसाच्या कर्करोगानं ते ऑक्टोबर १९८५ मध्ये गेले. आजारपणातल्या मुलाखतीचा एक तुकडा अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं त्यांच्या मृत्यूनंतर टीव्हीवर दाखवला. ब्रिनर थेट आपल्याकडे बघून सांगतात की मी आता नाही, पण तुम्हाला सांगतो, सिगारेट ओढू नका. तंत्र तेच आहे. ओळखीचा चेहरा आणि स्वतःच्या शरीराची साक्ष. फक्त या साक्षीमागे करार नव्हता, म्हणून ती काळजाला भिडते.

पण साक्ष खरी असली तरी ऐकणाऱ्यापर्यंत काय पोचतं, हा प्रश्न उरतोच. १४ मे २०१३ रोजी हॉलिवूडची अभिनेत्री अँजेलिना जोलीनं न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला. बीआरसीए-१ या जनुकात दोष असल्यानं डॉक्टरांनी तिला स्तनाच्या कर्करोगाचा धोका ८७ टक्के सांगितला होता. तिची आई ५६ व्या वर्षी कर्करोगानं गेली होती. जोलीनं दोन्ही स्तन शस्त्रक्रियेनं काढून घेतले आणि ते उघडपणे सांगितलं. याला केवढं धैर्य लागतं! त्यानंतरच्या १५ कामकाजाच्या दिवसांत अमेरिकेत विमा असलेल्या बायकांमध्ये या जनुकाच्या चाचण्या ६४ टक्क्यांनी वाढल्या, असं २०१६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या अभ्यासात दिसलं. मात्र चाचणीनंतर दोन महिन्यांत शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांचं प्रमाण आधीपेक्षा कमी झालं होतं. म्हणजे ज्यांना धोका कमी, अशा बऱ्याच जणी चाचणीला गेल्या असाव्यात. दुसऱ्या एका पाहणीत तीन चतुर्थांश अमेरिकनांना जोलीची गोष्ट ठाऊक होती, पण तिचा धोका नेमका समजून घेण्याइतकी माहिती दहा टक्के लोकांनाही नव्हती.

यात जोलीला दोष देणं अन्यायाचं ठरेल. स्तनाच्या कर्करोगांपैकी थोडेच असे आनुवंशिक असतात, हे वाक्य तिच्या लेखातच आहे. लोकांच्या मनात तिची गोष्ट राहिली, हे वाक्य गळून पडलं. अशा वेळी तेच वाक्य पुन्हा पुन्हा सांगायला डॉक्टर, पत्रकार, आरोग्य खातं पुढं यायला हवं.

रिअ‍ॅलिटी शोमधून प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या जेड गुडीचं उदाहरण म्हणूनच मला महत्त्वाचं वाटतं. ऑगस्ट २००८ मध्ये तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग असल्याचं कळलं आणि २२ मार्च २००९ रोजी, वयाच्या २७ व्या वर्षी ती गेली. त्या वर्षभरात इंग्लंडमध्ये नेहमीपेक्षा चार लाखांहून अधिक जास्त तपासण्या झाल्या. तिथं पंचविशीपासून ठरावीक काळानं तपासणीचं पत्र घरी येत असे आणि तपासणीला पैसे पडत नाहीत. टाळून ठेवलेलं पत्र बायकांनी पुन्हा हातात घेतलं, एवढंच व्हायचं बाकी होतं. पुढं आठवण फिकट झाली तसा तो जोरही ओसरला.

विश्वास खर्ची पडतो, हेही बोललं पाहिजे. २००१ मध्ये ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा जिंकल्यावर पुल्लेला गोपीचंद यांनी कोलाची जाहिरात नाकारली, कारण जे आपण स्वतः पीत नाही ते इतरांना प्या म्हणणं त्यांना पटेना. उद्या ते आहाराविषयी काही बोलले, तर ऐकणाऱ्याच्या मनात किंतु येणार नाही. उलट फेब्रुवारी २०२४ मध्ये पूनम पांडे यांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं झालेल्या मृत्यूची बातमी पसरवली गेली आणि दुसऱ्या दिवशी त्या जिवंत समोर आल्या. हेतू जागृतीचा होता म्हणे. चर्चा झाली, पण यापुढं कुणी खरोखर आजारी पडून बोललं तर लोक आधी शंका घेतील. मला हा प्रकार अक्षम्य वाटतो.

तुमच्यापैकी जे आरोग्याच्या मोहिमा आखतात, त्यांना माझी विनंती आहे. चेहरा ठरवण्याआधी त्या व्यक्तीचे चालू जाहिरात करार मागून घ्या. तपासणी केंद्रं रोज किती माणसं पाहू शकतात ते विचारा. तपासणी कुणी करायची हे सांगताना कुणाला तिची गरज नाही, तेही त्याच चेहऱ्याकडून वदवून घ्या. आणि दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाचा निधी पहिल्याच वर्षी बाजूला काढा, कारण तो चेहरा लोकांच्या डोळ्यांसमोरून गेल्यावरही नव्यानं पंचवीस वर्षांच्या झालेल्या मुली तपासणीच्या यादीत येतच राहणार आहेत.