वाढीव वॉरंटी : आधी किलोमीटर मोजा

मंडळी, शोरूममधल्या ऑन-रोड किमतीच्या कागदावर खाली ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ अशी एक ओळ असते, म्हणजे मूळ वॉरंटी संपल्यावरही पुढं चालणारी, जादा पैसे भरून घ्यायची वॉरंटी. ती सक्तीची नाही. बहुतेक कंपन्यांची ही वॉरंटी मूळ मुदत संपायच्या आत नंतरही घेता येते. उशीर कराल तसा दर चढतो, एवढंच. पण कर्जात घालू नका. 20,000 रुपयांची वॉरंटी 9 टक्के व्याजानं पाच वर्षांच्या हप्त्यांत जवळपास 24,900 ला पडते.

आता हिशेब. समजा, मूळ वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, यातलं जे आधी संपेल ते. खानापूरहून बेळगावला नोकरीला येणारा माणूस रोज साधारण 52 किलोमीटर चालवतो. 300 दिवसांचे 15,600. पाच वर्षांत 78,000. याची मर्यादा वर्षांची. वाढीव दोन वर्षं त्याला पुरेपूर मिळतात. निपाणीचा व्यापारी रोज बेळगाव करून परत जातो, म्हणजे दिवसाला दीडशे, वर्षाला 45,000. त्याचा लाख सव्वादोन वर्षांतच भरतो. वाढीव कागदावर ‘पाच वर्षं किंवा 1,40,000’ लिहिलेलं असेल, तर त्याच्या वाट्याला वरचे 40,000, म्हणजे जेमतेम साडेदहा महिने. पैसे मात्र दोन वर्षांचे.

मिळतं काय? इंजिन आणि गिअरबॉक्सचे आतले भाग, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), स्टिअरिंगची मोटर, एसी कॉम्प्रेसर, अल्टरनेटर, डिझेलमध्ये इंजेक्टर, हायप्रेशर पंप, टर्बो. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, वायपर, रबरी पाइप हे झिजणारे भाग म्हणून बाहेर. खरी भांडणं मात्र कारणावरून होतात. एसी गार करत नाही म्हणून गाडी नेली, सर्व्हिसवाल्यानं पुढच्या जाळीतून टॉर्च मारला आणि कंडेन्सरच्या (एसीच्या पुढच्या जाळीदार भागाच्या) पात्यांत खड्याएवढा खळगा दिसला, की तो बाहेरचा मार ठरला, क्लेम नाही. पाइप फुटून कूलंट गेलं, तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला तरी गाडी दामटली आणि इंजिनचं हेड वाकलं, तर इंजिन आतलं असूनही पैसे तुमचे. गवताच्या गंजीशेजारी लावलेल्या गाडीची वायर उंदरानं खाल्ली, तेही बाहेर. पावसात चोर्ल्याच्या वाटेवर पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून चालू करायला गेलात, सिलिंडरमध्ये पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकला, तर त्यासाठी विम्याचं इंजिन प्रोटेक्शन लागतं. वॉरंटीचा तिथं संबंध नाही.

म्हणून टर्बो, डिझेल किंवा ऑटोमॅटिक गाडी पाच वर्षं ठेवणार असाल तर घ्यावी. साधी पेट्रोल मॅन्युअल, चौथ्या वर्षी विकायची, तर माझ्या मते नको.

घेताना एक बघा : कागद गाडी बनवणाऱ्या कंपनीचा आहे की डीलरनं जोडलेल्या दुसऱ्याच कुणाचा? आपल्याकडं हे महत्त्वाचं, कारण केए-22 (बेळगाव) पाटीची गाडी कोल्हापुरातही बंद पडते. कंपनीचा कागद देशभरच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये चालतो. दुसऱ्याच्या कागदावर कधी फक्त त्याच डीलरकडं यावं लागतं, कधी आधी आपण भरून मग परतावा मागावा लागतो. दरात 18 टक्के जीएसटी धरलाय का, तेही तिथंच विचारा.

आणि सर्व्हिस चुकवू नका. वर्ष किंवा 10,000 किलोमीटर असं अंतर असेल, तर कमी फिरणाऱ्याचंही वर्ष भरतंच. गाडी दारातच उभी होती हे कारण चालत नाही. जॉबकार्ड (सर्व्हिसच्या कामाची नोंद) आणि बिलं एका फाइलीत ठेवा. गाडी विकताना वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर करून देता येते का, हे घेतानाच विचारून ठेवा. येत असेल तर आरसीबरोबर तोही अर्ज द्या.