१६३८४ म्हणजे कुठलं टेबल?

सांगलीचं मार्केट यार्ड. खाली हळदीचे सौदे चाललेत आणि वर एका अडत पेढीच्या ऑफिसात सर्व्हरची डिस्क भरत आलीय. डेटाबेस पोस्टग्रेस. बेस नावाचा फोल्डर उघडला तर आत नुसते आकडे, फोल्डरला आकडा, फाइलला पण १६३८४ सारखा आकडा, पट्टी कुठली, शेतकऱ्याचं खातं कुठलं, काही पत्ता लागत नाही.

आधी असं नव्हतं. २००१ मध्ये ७.१ व्हर्जन आलं, त्याआधी फाइलला टेबलाचंच नाव असायचं. पण टेबलाचं नाव बदललं आणि मधेच ट्रान्झॅक्शन (एकत्र केलेले बदल) रद्द झालं की डिस्कवर एक आणि आत भलतंच, म्हणून आकडे आले.

हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, बघितलीत ना, वरून नुसती जमीन, कुणाचा माल ते वहीतच बघायचं, तसंच हे. इथली वही म्हणजे पीजी_क्लास. त्यात प्रत्येक टेबलाचा ओआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, असतो आणि रेलफाइलनोड, म्हणजे फाइलचा आकडा, असतो, फाइलचं नाव या दुसऱ्यावरून. सुरुवातीला दोन्ही बहुतेक सारखेच दिसतात आणि इथंच माणूस फसतो, कारण ट्रंकेट (टेबल रिकामं करणं) किंवा व्हॅक्यूम फुल (रिकामी जागा काढून टेबल नव्यानं लिहिणं) केलं की फाइल नवी, आकडा नवा, ओआयडी मात्र तोच. म्हणून नंबर कागदावर लिहून ठेवू नका, दरवेळी डेटाबेसलाच विचारा. पीजी_रिलेशन_फाइलपाथला टेबलाचं नाव दिलं की पाथ मिळतो. फाइलवरून टेबल हवं असेल तर पीजी_फाइलनोड_रिलेशन, पण त्याच डेटाबेसला कनेक्ट होऊन, कारण तोच आकडा दुसऱ्या डेटाबेसमध्ये पण असू शकतो. आकड्यापुढं .१, .२ दिसलं तर ते १ जीबीचे तुकडे, एकाच टेबलाचे.

इथं सगळ्यात मोठी फाइल निघाली पीजी_टोस्टची, म्हणजे टेबलातला मोठा डेटा जिथं वेगळा ठेवला जातो त्या जोडटेबलाची. त्या नावातला आकडा मूळ टेबलाचा ओआयडी असतो, शोधलं तर काटापट्ट्यांचे फोटो! मोठी दिसली म्हणून ती फाइल हातानं उडवली असती तर शेतकऱ्याच्या वजनाचा पुरावाच गेला असता, हे कधीच करू नका, कितीही घाई असू दे.

जुने फोटो डिलीट केले तरी फाइल लगेच लहान होत नाही, आणि व्हॅक्यूम फुलला नव्या कॉपीपुरती जागा लागते, तीच तर नव्हती. मग दुसरी डिस्क लावून त्यावर टेबलस्पेस, म्हणजे डेटाबेसच्या फाइलींसाठी वेगळी जागा, केली आणि टेबल तिकडं हलवलं, टोस्ट आपोआप सोबत गेलं, इंडेक्स (शोधायच्या सूची) वेगळे हलवावे लागले. आता विचारलं की पाथ बेसऐवजी पीजी_टीबीएलएसपीसीपासून सुरू होतो, आकडा पण नवाच आहे.