पुस्तकातला चौकोन

बालभारतीचं पुस्तक उघडा. पहिल्या पानावर आणि पुढे धड्याधड्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन दिसेल. क्यूआर कोड. ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपमधून फोन त्यावर धरला की पहिल्या पानावरून अख्खं पुस्तक फोनमध्ये येतं आणि धड्यातल्या चौकोनातून त्या धड्याचं ऐकण्या-बघण्याचं साहित्य.

हा कोड 1994 मध्ये जपानमध्ये जन्मला तो मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला. शाळेचं काम त्याला शिक्षकांनी दिलं. त्यांतले एक सोलापूर जिल्ह्यातले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी 2009 मध्ये रुजू झाले, तेव्हा इमारत मोडकळीला आलेली होती. एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला कोठार. त्यांनी मुलांच्या पुस्तकांत क्यूआर कोड घातले. कविता कानांनी ऐकता येऊ लागल्या; गोष्टी आल्या, स्वाध्याय आले. 2017 मध्ये राज्य सरकारनं सगळ्याच इयत्तांच्या पुस्तकांत असे कोड आणायचं ठरवलं. 2020 मध्ये गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर 9 शिक्षकांना वाटली.

त्याच वर्षी शाळा बंद होत्या. घरात फोन एकच, तोही वडिलांबरोबर शेतावर. संध्याकाळी तो हाती यायचा तेव्हा डेटा संपलेला. म्हणूनच जुलै 2020 मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ सुरू झालं, ते फार मोलाचं होतं. टीव्हीला रोजचा डेटा लागत नाही. घरात काय आहे ते आधी बघायचं, साधन मग निवडायचं.

आता नववीच्या वर्गात जाऊ. विज्ञानाचा तास, धडा विद्युतधारेचा. व्हिडिओ लावून बाई बाजूला बसल्या, तर मुलं शांत बसतात. त्या शांततेत मोठा धोका असतो. आपल्याला वाटतं, समजलं.

दुसरी रीत बघा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ प्रकल्प 2002 पासून विज्ञानाची आभासी प्रयोगसाधनं फुकट देतोय. त्यातली कित्येक मराठीतही आहेत. वर्गात रेंज नसेल तर आदल्या दिवशी उतरवून घेता येतात. त्यातलं परिपथ जुळवायचं साधन उघडू. एक घट, एक दिवा, दोन तारा. निळे इलेक्ट्रॉन तारेतून चालू लागतात.

आता दुसरा दिवा एकसर जोडायचा, म्हणजे त्याच वाटेवर पहिल्याच्या पाठोपाठ. पण थांबा. बोट पडद्याला लावण्याआधी प्रत्येकानं वहीत लिहायचं: कुठला दिवा मंद होईल?

पुष्कळ मुलं लिहितात, दुसरा. कारण पहिला दिवा थोडी वीज ‘खाऊन टाकणार’. दिवा जोडला की दोन्ही सारखेच मंद होतात आणि इलेक्ट्रॉन अख्ख्या वाटेवर सारख्याच वेगानं, आधीपेक्षा हळू, सरकताना दिसतात. वर्गात गलका होतो. हा गलका हवाच. वहीत लिहिलेला अंदाज समोर चुकलेला असतो आणि आता मुलाला कारण हवं असतं. फळ्यावर विद्युतरोधाचं सूत्र लिहायची वेळ हीच. पाच मिनिटं आधी लिहिलं असतं, तर ते नुसतं उतरवून घेतलं असतं.

मग कुणीतरी घटाची दोन टोकं नुसत्या तारेनं जोडतं. पडद्यावर घटातून ज्वाळा निघतात. घरच्या सॉकेटशी खेळू नये हे इथं हात न भाजता कळतं.

एवढं झालं की पडदा बंद करायचा. बाकावर टॉर्चचा सेल, दोन छोटे दिवे आणि तांब्याची लाखेरी, म्हणजे वरून पातळ लेप चढवलेली, तार. पडद्यावर तार टेकवली की जोडली जाते. इथं मात्र दिवा लागतच नाही. मुलं सेल बदलतात, दिवा बदलतात. शेवटी एक मुलगी तारेचं टोक पट्टीच्या कडेनं खरवडू लागते.