आधी प्रेशर मोजा, मग पंपाला हात लावा
(गोव्यातील रायबंदर येथील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘मोटारीचा ऑईल पंप : देखभाल आणि बदल’. मला 45 मिनिटं दिली होती. त्यातली बारा प्रास्ताविकात गेली आणि पाच माझ्या परिचयात. तो परिचयही अर्धा माझ्या भावाचा होता.

घरात बीपीचं यंत्र असलेल्यांनी हात वर करा बघू. सगळेच! आता गाडीच्या ऑईलचं प्रेशर जन्मात एकदा तरी मोजून घेतलेले? एकच हात. तुम्ही टॅक्सीवाले ना? तरीच.

ही माझी जुनी ठसठस आहे. पोर्तुगीज अमदानीत आपल्याकडे मर्सिडीजच्या टॅक्सी धावत. माझे वडील त्या दुरुस्त करायचे. त्या टॅक्सींच्या डॅशबोर्डवर ऑईल प्रेशरचा काटा असे. काटा पडला की अंगठाबहाद्दर ड्रायव्हरसुद्धा गाडी कडेला घ्यायचा. पुढच्या गाड्यांतून काटा गेला आणि लाल दिवा आला. दिव्यावर चित्र तेलाच्या झारीचं! बघणाऱ्याला वाटतं तेल कमी झालं, ओता लिटरभर. अहो, तेल किती आहे ते हा दिवा सांगतच नाही, तो दाबाचा दिवा. आणि लागतो कधी, तर चौरस सेंटिमीटरला साधारण अर्ध्या किलोच्या खाली दाब घसरल्यावर. वरातीमागून घोडं.

आमच्या एका निवृत्त मास्तरांची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, ते तिसऱ्या रांगेत बसलेत. त्यांची मारुती 800. गाडी हळू चालवली की दिवा बंद, रस्ता मोकळा मिळून रेस वाढवली की दिवा चालू. एका गॅरेजने निदान केलं, पंप गेला. पंप बदलला. आठ दिवसांत दिवा परत. मग म्हणे पंप डुप्लिकेट निघाला, दुसरा घाला. घातला. दिवा तिसऱ्यांदा आला तेव्हा मास्तर माझ्याकडे आले, हातात दोन्ही बिलं. लाल शाईने बेरीज तपासलेली.

मी गेज, म्हणजे दाब मोजायचा काटा, लावला. इंजिन गरम, आयडलला, म्हणजे रेस न देता, दीड किलो, चांगलं. तीन हजार आरपीएमला निदान तीन तरी हवं, तर काटा उलट खाली. इथेच कळलं की पंपाच्या तोंडी तेल पोचत नाहीये. दिवा आयडलला लागून रेस दिल्यावर विझला असता, तर बेअरिंगची झीज किंवा पातळ झालेलं तेल यांचा संशय घेतला असता. इथे चाल उलटी होती.

“मास्तर, गाडी खाली कुठे आपटली?” “छे!” मग मास्तरीणबाई म्हणाल्या, “चवथीला माटोळीचं सामान आणायला कुळागरात गेला होतात ना?” (माटोळी म्हणजे गणपतीवर बांधायचं फळांचं छत, कुळागर म्हणजे नारळ-सुपारीची बाग.) डिकीत नारळ, सुपाऱ्या, केळीचा घड, मागे दोन भाचे, आणि वाटेत उभा चिरा. चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाची तेलाची टाकी, आत दबून स्ट्रेनरला, म्हणजे पंप तेल ओढतो त्या तोंडावरच्या जाळीला, चिकटला होता. पंप बदलताना तोच चेंबर दोनदा उतरवला आणि दोनदा तसाच चढवला, आत कोणी वाकून पाहिलं नाही! शिवाय चेंबरच्या जोडाला प्रत्येक वेळी फासलेल्या सिलिकॉनचे तुकडे स्ट्रेनरच्या जाळीत. आजार रेड्याला, औषध पखालीला. वाळूच्या पोत्यावर ठेवून लाकडी हातोड्याने चेंबर सरळ केला, जाळी धुतली, संपलं.

आणि झिजलेल्या बेअरिंगचं काय? कुळागराला पाणी देणाऱ्यांना सांगायला नको. पाईपला दहा ठिकाणी भोकं असतील तर टोकाला धार येत नाही. मोटर नवी आणली म्हणून भोकं बुजतात का? झिजलेलं बेअरिंग म्हणजे ती भोकं. पंप तेल ढकलतो, दाब अडवणुकीतून येतो...

चिठ्ठी आली. अध्यक्षांना चोडणची फेरीबोट गाठायचीय. बरं, पळतो.

देखभाल म्हणजे पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं तेल वेळेवर, सोबत फिल्टर नवा. गाडी नुसती पोदेरापर्यंत, म्हणजे कोपऱ्यावरच्या पाववाल्यापर्यंत, जाऊन येत असेल, तर तेल तापत नाही, ओलावा उडत नाही, गाळ धरतो. तिथे किलोमीटर न बघता महिने बघा. चेंबर उतरला की स्ट्रेनर धुवायचाच.

बदल 800 सारख्या गाडीचा सांगतो, जिथे पंप क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुढच्या टोकावर असतो. टायमिंगच्या खुणा जुळवून बेल्ट काढा, मग क्रँकची पुली, चेंबर, स्ट्रेनर, शेवटी पंप. जुन्याचे रोटर, म्हणजे आतली फिरती चाकं, फुटली असतील तर चुरा तेलाच्या वाटांत गेलेला असतो, तो साफ केल्याशिवाय नवा पंप चढवू नका. क्रँकचं सील नवं, स्ट्रेनरची ओ-रिंग नवी. ती हवा ओढायला लागली की सगळी मेहनत पाण्यात. सिलिकॉनचा थर पातळ. आणि बसवण्याआधी नव्या पंपात तेल भरा, कोरडा पंप तेल ओढत नाही. बेल्टच्या खुणा पुन्हा तपासा. मग इग्निशन तोडून, म्हणजे इंजिन चालू होऊ न देता, स्टार्टरने थोडं थोडं फिरवा, दिवा विझेपर्यंत. त्यानंतरच चालू, आणि लगेच रेस नको.

हां, मागून प्रश्न आलाय, प्रेशर मोजायचं कुठून? दिव्याचा स्विच इंजिनवर असतो, तो काढून त्याच भोकात गेज बसतो. माझा गेज बाहेर स्कूटरच्या डिकीत आहे. ज्यांचं इंजिन अजून गरम असेल त्यांनी अंगणात या. चोडणवाले आधी.