अव्वाचा लेक्का

मंडळी, ‘सोशिक’ हा शब्द मी आज वापरणार नाही. निमंत्रणपत्रिकेत तो छापलाय, त्याला माझा इलाज नाही. माझी अव्वा, म्हणजे आजी, सोशिक नव्हती. हिशोबी होती आणि चांगली भांडकुदळ होती. गल्लीत कुणालाही विचारा.

तिचं नेमकं वय आम्हाला कधीच कळलं नाही. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा ती आईच्या कडेवर होती, एवढंच घरात ठाऊक. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. आपल्याला तो इतिहास, अव्वाला जन्माचा दाखला. वय विचारलं की म्हणायची, “चौघं फासावर गेले तेव्हा मी चालत होते.” क्लार्क बिचारा एक जानेवारी लिहून मोकळा व्हायचा.

आमची माणसं तेलंगणातून मागावर काम करायला आलेली. घर पूर्व भागात. घरात तेलुगू, दारात मराठी, बाजारात थोडं कन्नड. आजोबा गिरणीत होते. साठच्या दशकात ती गिरणी बंद पडली आणि आजोबा सहा महिने ओट्यावर बसून राहिले. भोंग्याची वेळ झाली की उठायचे, परत बसायचे. पदरात चार लेकरं. अव्वा विड्या आधीही वळत होती; आता त्या विड्यांवरच घर आलं.

हे काम तुमच्यापैकी निम्म्या घरांनी केलंय, तरी सांगते. पानं रात्री भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची. सकाळी पत्रा ठेवून कात्रीनं बेतायची. सूप मांडीवर. पानात चिमूटभर तंबाखू, बोटांनी वळायचं, तोंड नखानं दुमडायचं, दोरा. पंचवीस विड्यांचं बंडल, चाळीस बंडलांचे हजार. हजार झाल्याशिवाय अव्वा उठत नसे. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर तीन लाख, चाळीस वर्षांत एक कोटी वीस लाख. विडी वाईटच, ओढणाऱ्यालाही आणि वळणाऱ्यालाही. तिचा खोकला आम्ही रात्ररात्र ऐकलाय. पण पोट त्यावर भरलं, हे लपवून मी इथं उभी राहू शकत नाही.

कारखान्यात माल द्यायला मी तिच्याबरोबर जायची. चेकर मूठभर विड्या बाजूला काढायचा. छाट! छाटेचे पैसे नाहीत आणि विड्याही परत नाहीत. बाकीच्या बायका पुटपुटत पुढं सरकायच्या. अव्वा तिथंच फतकल मारायची. “छाट वाईट असंल तर माझी मला दे. चांगली असंल तर पैसे दे. लेक्का तप्पिंदी!” म्हणजे हिशोब चुकला. मागं रांग तटायची आणि मला लाजेनं मेल्यासारखं व्हायचं. चेकर दोन-चार विड्या परत ढकलायचा. दोन-चारच, पण रोज.

विडी कामगारांचा कायदा १९६६ चा. प्रॉव्हिडंट फंड लागू झाला १९७७ ला. घरी विड्या वळणारी बाई कामगार की नाही, हे भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९८५ मध्ये निकाल लागला, की आहे. अव्वाला अक्षर येत नव्हतं, आकडे मात्र यायचे. कार्डावर चढलेला आकडा ती माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायची. एकदा मी मुद्दाम चुकीचा वाचला. पाठीत धपाटा बसला.

२००६ मध्ये सोलापूरजवळ कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची दहा हजार घरं झाली. कामगार नेते आडम मास्तरांचा तो लढा तुम्ही पाहिलाय. त्यात काकूला घर मिळालं. अव्वा बघायला गेली आणि चहा घ्यायच्या आधी पावलं टाकून खोली मोजली. मग विचारलं, “कागद कुणाच्या नावावर?” काकू म्हणाली, माझ्याच. तेव्हा कुठं ती भिंतीला टेकून बसली.

आधार काढायला नेलं तेव्हा मशीन तिचे ठसे घेईना. पोरगा बोटं पुसतोय, परत दाबतोय, परत पुसतोय. अव्वा त्याला म्हणाली, “बाळा, ठसे विड्यांवर गेले. तिकडं बघ.”

नव्वदी ओलांडून ती गेली. ट्रंकेत दोन कार्डं निघाली, पत्रा निघाला आणि कात्री. काकू आता घरी टॉवेलचे दोरे कापते, म्हणून कात्री तिनं घेतली. धारवाल्यानं वीस रुपये सांगितले. काकूनं कात्री उन्हाला धरून पाहिली, एका पात्यावर बोट ठेवलं आणि पंधरा दिले.