कलेक्शनवाल्यांचं पत्र आलं तर

न्यू जर्सीतलं एडिसन. मराठी, गुजराती, तेलुगू घरांनी भरलेलं अपार्टमेंट, आणि मेलबॉक्समधे हे पाकीट. जुनं हॉस्पिटलचं बिल, पण पैसे मागतेय कोण, तर कधी नावही न ऐकलेली कलेक्शन कंपनी, म्हणजे थकलेली देणी वसूल करणारी. आपली माणसं इथे लगेच घाबरतात, व्हिसाची धास्ती, क्रेडिट स्कोअरची धास्ती, शिवाय कुणाचं देणं ठेवायचं नाही ही घरची शिकवण, मग कार्ड काढतात आणि पैसे भरून मोकळे होतात. अहो पण थांबा, देणं तुमचंच आहे का ते तरी आधी बघा!

कारण इथे थकलेली खाती गठ्ठ्याने विकली जातात. फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारच्या ग्राहकसंरक्षण संस्थेच्या 2013 च्या अभ्यासात खरेदीदार देण्याच्या दर डॉलरमागे सरासरी 4 सेंट मोजत होते. बरेचदा मूळ कागद सोबत येतच नाहीत, नुसती यादी येते, आणि मग भरलेलं बिल परत मागतात नाहीतर नावसाधर्म्यामुळे भलत्यालाच फोन जातो.

यासाठी 1977 चा कायदा आहे, फेअर डेट कलेक्शन प्रॅक्टिसेस ॲक्ट. पहिल्या संपर्कानंतर 5 दिवसांत वसुलीवाल्याने लेखी माहिती द्यायलाच हवी. ही नोटीस नीट बघा. आधी अमुक तारखेची रक्कम, खाली व्याज, फी, तुम्ही भरलेले पैसे आणि शेवटी आजचा आकडा. तळाशी फाडून पाठवायचा भाग, त्यात चौकटी आहेत, 'हे देणं माझं नाही', 'रक्कम चुकीची आहे'. ती टिक करा, फोटो काढून ठेवा आणि नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत सर्टिफाइड मेलने पाठवा, पोचपावतीसकट. एकदा हे लेखी गेलं की पुरावा पाठवेपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते. फोनवर तासभर भांडलात तरी हे संरक्षण मिळत नाही, म्हणून लेखीच द्या.

सकाळी 8 च्या आधी, रात्री 9 नंतर त्यांनी तुम्हाला फोन करायचा नाही. अटक करू, डिपोर्ट करू असल्या धमक्या तर सरळ बेकायदा आहेत, कार्डाचं बिल थकलं म्हणून कुणाला तुरुंगात टाकत नाहीत.

आणि "निदान 50 डॉलर तरी भरा" असं गोड बोलले तर जास्त सावध राहा. कोर्टात दावा लावायची त्यांची मुदत न्यूयॉर्कमधे अशा देण्यांना 3 वर्षं, न्यू जर्सीत साधारण 6, आणि बऱ्याच राज्यांत थोडे पैसे भरले तरी ती मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

हा कायदा मुख्यतः बाहेरच्या वसुलीवाल्यांना लागू होतो, मूळ बँक स्वतःच्या नावाने फोन करत असेल तर सहसा नाही.

कोर्टाचं समन्स आलं तर मात्र ते टाळू नका प्लीज, देणं खोटं असलं तरी. न्यू जर्सीत उत्तराला 35 दिवस मिळतात, गप्प बसलात तर एकतर्फी निकाल लागतो आणि पगारातून पैसे कापले जाऊ शकतात. उत्पन्न कमी असेल तर लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सीकडे मोफत सल्ल्यासाठी विचारा, समन्स आल्याच्या आठवड्यातच.